नावाची पाटी नको, भाड्याचा करार हवा

वॉशिंग्टन शहरात २००५ साली एका लहानशा रस्त्याच्या नावावरून वाद झाला होता. नाइन्थ स्ट्रीटच्या, टी आणि यू या दोन रस्त्यांमधल्या पट्ट्याला ‘लिटल इथिओपिया’ असे अधिकृत नाव मिळावे, अशी तिथल्या इथिओपियन व्यावसायिकांची मागणी होती. लॉस एंजेलिसने फेअरफॅक्स ॲव्हेन्यूच्या एका भागाला हे नाव २००२ मध्येच देऊन टाकले होते, आणि आफ्रिकेबाहेरच्या सर्वांत मोठ्या इथिओपियन वस्त्यांपैकी एक ज्या महानगरात आहे त्याने मागे राहावे हे त्यांना खटकणे स्वाभाविक होते. पण शेजारच्या जुन्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी या मागणीला विरोध केला. यू स्ट्रीट एके काळी ‘ब्लॅक ब्रॉडवे’ म्हणून ओळखला जात होता, जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन याच परिसरात वाढला होता, आणि वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांनी आपल्या हिमतीवर उभी केलेली नाटकघरे, छापखाने आणि दुकाने याच रस्त्यांवर होती. तो इतिहास पुसून त्यावर दुसऱ्याचे नाव कोरले जाते आहे, ही त्यांची तक्रार होती. ठराव त्या वेळी बारगळला.

दोन्ही बाजूंचा इतिहास खरा होता. मात्र त्या रस्त्यावरच्या इमारती कोणाच्या मालकीच्या आहेत, त्यांतले गाळे किती वर्षांच्या करारावर दिलेले आहेत आणि करार संपल्यावर भाडे किती वाढू शकते, हे प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिले. पुढच्या काळात जुने कृष्णवर्णीय रहिवासी त्या भागातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडले, आणि इथिओपियन व्यवसायही मेरिलँड आणि व्हर्जिनियातल्या उपनगरांकडे सरकत गेले. पाटीवरून भांडणारे दोघेही भाडेकरू होते, हे त्यातून उघड झाले. स्थलांतरितांच्या खाद्यपरंपरेचे कौतुक करणारी शहरे नामफलक, महोत्सव आणि भित्तिचित्रे यांवर उत्साहाने खर्च करतात, पण ती परंपरा ज्या गाळ्यांत रोज शिजते त्या गाळ्यांच्या कराराकडे पाहत नाहीत. आणि या दुर्लक्षाचा पहिला फटका बसतो तो वस्तीतल्या किराणा बाजाराच्या पोटात चालणाऱ्या साध्या इथिओपियन खाणावळीला. शहराने हस्तक्षेप करायचा असेल तर तो इथे, भाड्याच्या करारात करावा, असे माझे मत आहे.

अशी खाणावळ बाहेरून ओळखूही येत नाही. पाटीवर ‘मार्केट’ असे लिहिलेले असते आणि आत शिरल्यावर आधी दिसतो तो किराणा: टेफ या इथिओपियन धान्याच्या पिठाची पोती, शिरोच्या पिठाच्या पिशव्या, बर्बेरे आणि मिटमिटा या मसाल्यांची पाकिटे, कोरारिमा हा तिकडचा वेलदोडा, तुळशीच्या कुळातली वाळवलेली बेसोबेला, घरी भाजायच्या कॉफीच्या हिरव्या बिया, ती कॉफी उकळायची काळी मातीची जबेना आणि धुपाच्या पुड्या. गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेल्या इंजेराच्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळ्यांच्या, चळती असतात, सकाळी आलेल्या आणि आतून अजून ओलसर ऊब धरलेल्या. पलीकडे बहुधा मांसाचा कट्टा असतो, आणि त्याच्याही मागे स्वयंपाकघराची खिडकी व मोजकी टेबले. मेसोबभोवती, म्हणजे गवताच्या काड्यांनी विणलेल्या रंगीत टोपलीवजा टेबलाभोवती, बसवून गिऱ्हाइकाला ‘अनुभव’ विकणारी मोठी उपाहारगृहे वेगळी. इथे फॉर्मायकाची टेबले, भिंतीवर अम्हारिक वाहिनी लावून ठेवलेला टीव्ही, आणि आडवेळी, दुपारी तीन-चारच्या सुमारास जेवायला बसलेले टॅक्सीचालक असतात. वॉशिंग्टनच्या टॅक्सी व्यवसायात इथिओपियन चालकांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या पाळ्यांना जेवणाची ठरलेली वेळ नसते, म्हणून ही स्वयंपाकघरेही दिवसभर तापलेली राहतात.

सकाळी इथे फूल मिळते, म्हणजे शिजवून ठेचलेला बाकला, वर कांदा, हिरवी मिरची आणि तेल किंवा लोणी घातलेला, सोबत पाव. दुपारनंतर टिब्स मागवला तर मांस शेजारच्या कट्ट्यावरूनच तोलून येते आणि कांदा-मिरचीवर परतून समोर येते. किटफो म्हणजे बारीक खिमलेले गोमांस, मसाला घातलेल्या तुपात कोमट केलेले किंवा कच्चेच. शिरो हा भाजलेल्या हरभऱ्याच्या, कधी वाटाण्याच्या, पिठाचा रटरटता पदार्थ आपल्या पिठल्याचा सख्खा नसला तरी चुलतभाऊ नक्की आहे. हे सारे एका मोठ्या ताटात अंथरलेल्या इंजेरावर वाढले जाते, सगळे त्याच ताटातून जेवतात, आणि खालचा इंजेरा रस्से पिऊन मऊ झाला की शेवटी तोही संपवतात. एखाद्या परक्या गिऱ्हाइकाने काटा-चमचा मागितला तर तो मिळतो, पण शोधून आणावा लागतो.

किराणा, खाटिकखाना आणि खाणावळ एका छपराखाली आणण्यामागे पक्का हिशोब आहे. नुसत्या किराण्यावर अमेरिकेतल्या शहरी गाळ्याचे भाडे निघत नाही, कारण बर्बेरे विकत घेणारे कुटुंब महिन्यातून एखादे पाकीट नेते. नुसत्या खाणावळीवरही ते निघणे कठीण, कारण या वस्तीतले गिऱ्हाईक एका ताटाला जे देऊ शकते त्याला मर्यादा आहे. दोन्ही एकत्र आले की एकच गाळा, एकच शीतगृह आणि एकच माणूस दोन धंद्यांना पुरतो. गल्ल्यावर बसणारी बाई ऑर्डरही घेते, कट्ट्यावर न विकलेले मांस त्याच दिवशी कढईत जाते, आणि घरी नेण्यासाठी येणारा इंजेराच ताटात अंथरला जातो. यात मजुरीचा मोठा भाग घरच्या माणसांचा असतो आणि तो बिलात दिसत नाही. डोरो वाट या कोंबडीच्या रश्श्यासाठी ढीगभर कांदा चिरून आधी कोरडाच, मंद आचेवर, त्याचा लगदा होईपर्यंत परतावा लागतो. मग मसालेदार तूप, मग बर्बेरे, मग कोंबडी आणि उकडलेली अंडी. निम्मा दिवस खाणारा हा पदार्थ सणासुदीचा मानला जातो, तरी त्याची किंमत शेजारच्या बर्गरच्या आसपास ठेवावी लागते.

इंजेराचेही तसेच आहे. टेफ हे जगातल्या सर्वांत बारीक धान्यांपैकी एक आहे, आणि त्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवल्यावर मिताद नावाच्या मोठ्या गोल तव्यावर एकाच बाजूने भाजून इंजेरा होतो. इथिओपियाने देशातले भाव आवाक्यात राहावेत म्हणून २००६ मध्ये कच्च्या टेफच्या निर्यातीवर बंदी घातली. तयार इंजेरा मात्र विमानाने येऊ शकत होता आणि आजही आदिस अबाबाहून येतो. अमेरिकेत आयडाहो राज्यात वेन कार्लसन यांनी १९८० च्या दशकात टेफची शेती सुरू केली होती, म्हणून इथल्या दुकानांना धान्याचा आधार मिळाला. तरीही टेफ महाग असल्याने अनेक ठिकाणी इंजेराच्या पिठात गहू किंवा सातू मिसळतात. त्याला ‘अस्सल नाही’ म्हणून नाक मुरडणारे खाद्यरसिक मला नेहमी गमतीचे वाटतात: त्यांना निखळ टेफही हवा असतो आणि तो स्वस्तही हवा असतो.

‘स्वस्त आणि मस्त’ ही दाद या जागांच्या वाट्याला इतकी येते की तिच्यातला अन्याय आपल्या लक्षात येत नाही. फ्रेंच किंवा जपानी पदार्थांना चढा दर देताना जे गिऱ्हाईक कौशल्याची किंमत मोजतो म्हणते, तेच गिऱ्हाईक आफ्रिकी, मेक्सिकन किंवा भारतीय पदार्थाने दर वाढवला की फसवणूक झाल्यासारखे बोलते. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलिनने २०१६ मध्ये वॉशिंग्टनसाठी पहिली पुस्तिका काढली तेव्हा एका इथिओपियन उपाहारगृहाला जे स्थान मिळाले, तेही वाजवी दरात चांगले जेवण देणाऱ्यांच्या यादीतले. मान वाईट नाही. पण हा स्वस्तपणा पाककृतीतून येत नाही. कमी भाड्याचा गाळा आणि घरच्यांची न मोजलेली मजुरी यांतून तो येतो. भाडे वाढले की पहिल्यातली बचत जाते, आणि मग दुसरीवर किती ताण द्यायचा एवढाच पर्याय कुटुंबापुढे उरतो. गिऱ्हाइकाने थोडे अधिक पैसे देण्याची तयारी ठेवणे मला आवश्यक वाटते. तेवढ्याने प्रश्न सुटणार नाही, कारण ताटाचा दर वाढला तर नव्या करारात भाडेही त्याच्या मागोमाग वाढते आणि वाढीव पैसे अखेरीस मालकाच्या खात्यात जातात.

या गिऱ्हाइकांत मराठी माणसेही पुष्कळ आहेत, आणि त्याचे कारण उपवासात आहे. मेरिलँड-व्हर्जिनियातल्या शाकाहारी मराठी कुटुंबांना इथे जी मिश्र भाज्यांची थाळी मिळते, ती इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासाची थाळी आहे. बुधवार, शुक्रवार, ईस्टरपूर्वीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास आणि इतर व्रते मिळून श्रद्धाळू माणसाचे वर्षात १८० हून अधिक दिवस मांस, दूध, अंडी आणि तूप यांविना जातात. आपल्या उपवासात वर्ज्य असलेली मसूर-वाटाण्यासारखी कडधान्ये तिथे उपवासाचाच मुख्य आधार आहेत, म्हणून मसुराचा मिसिर वाट आणि वाटाण्याच्या डाळीचा किक अलिचा या थाळीत असतातच, शिवाय गोमेन ही पालेभाजी आणि कोबी-गाजर. (उपवास नसलेल्या दिवशी शिरोत तूप घातलेले असू शकते, तेव्हा ज्यांना दुग्धजन्य पदार्थ चालत नाहीत त्यांनी विचारून घ्यावे.) आपल्यापैकी अनेकांना ही थाळी म्हणजे परमुलखातली सोय वाटते. पण ती रोज ताजी मिळते याचे कारण आसपास उपवास पाळणारी वस्ती आहे आणि तिच्यासाठी चालणारा बाजार आहे. वस्ती उठली की हौशी गिऱ्हाइकांसाठी काढलेली वीकेंडची उपाहारगृहे उरतात, आणि त्यांच्या जेवणपत्रिकेत सर्वांत आधी वगळले जाते ते बुधवारचे साधे जेवण.

आता भाड्याकडे येतो. वॉशिंग्टनमध्ये इथिओपियन वस्ती वाढली ती इथिओपियातली १९७४ ची क्रांती, त्यानंतरच्या लष्करी राजवटीचा दहशतीचा काळ आणि अमेरिकेचा १९८० चा निर्वासित कायदा यांनंतर. १९९० च्या कायद्याने सुरू झालेल्या व्हिसा-सोडतीने ती आणखी फुगली. १९८० च्या दशकात या वस्तीची उपाहारगृहे ॲडम्स मॉर्गन भागात एटीन्थ स्ट्रीटवर एकवटली होती. तिथले भाडे चढले तसे अनेकांनी जवळच्याच यू स्ट्रीट आणि नाइन्थ स्ट्रीटकडे मोर्चा वळवला, कारण तो भाग स्वस्त होता. तो स्वस्त का होता, हेही पाहिले पाहिजे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या दंगलीत तिथली दुकाने जळाली, आणि पुढे मेट्रोच्या भुयारासाठी रस्ता वर्षानुवर्षे खणलेला राहिल्याने उरलेसुरले व्यापारीही बुडाले. १९९१ मध्ये यू स्ट्रीटचे स्थानक सुरू झाले. इथिओपियनांनी पडके गाळे डागडुजी करून उघडले, रात्री दिवे लागू लागले, गर्दी आली, आणि त्या गर्दीच्या पाठोपाठ नवे फ्लॅट बांधणारे आले.

अमेरिकेतल्या दुकानांच्या भाडेकरारात मालमत्ता कर, विमा आणि देखभाल हे तिन्ही खर्च भाडेकरूने भरायचे, अशी पद्धत सर्रास आहे. त्यामुळे परिसर सुधारला आणि इमारतीचे मूल्य वाढले की मालकाने भाडे न वाढवताही दुकानदाराचे बिल वाढते. ज्याने वस्तीचे मूल्य वाढवले, त्यालाच त्या वाढीचा कर भरावा लागतो आणि वाढलेली मालमत्ता दुसऱ्याची राहते. ही व्यवस्था बेकायदा नाही. तिला बाजाराचा नियम म्हणून निमूटपणे मान्य करावे, असे मात्र मला वाटत नाही, कारण यू स्ट्रीटचे भाडे बाजाराने एकट्याने वाढवले नव्हते. जनतेच्या पैशांतून बांधलेल्या मेट्रोने ते वाढवले होते. सार्वजनिक खर्चातून निर्माण झालेल्या मूल्यात सार्वजनिक अट घालण्याचा हक्क शहराला आहे आणि तो त्याने वापरला नाही.

बाजार ही सार्वजनिक सोय आहे, ही कल्पना वॉशिंग्टनला नवीन नव्हती. मुंबई-पुण्यातल्या मराठी वाचकाला मंडई ही नगरपालिकेची जबाबदारी वाटते, तसेच एकोणिसाव्या शतकातल्या या शहरालाही वाटत होते. ॲडॉल्फ क्लुस या वास्तुकाराने १८७० च्या दशकाच्या आरंभी तिथे दोन मोठे बाजार उभारले. त्यांतले सेंटर मार्केट १९३१ मध्ये पाडून त्या जागी राष्ट्रीय अभिलेखागार बांधले गेले. ईस्टर्न मार्केट अजून शहराच्या मालकीचे आहे. २००७ मध्ये ते आगीत जळाले तेव्हा शहराने ते दुरुस्त करून २००९ मध्ये पुन्हा सुरू केले. सेंटर मार्केट उठल्यावर ईशान्येला जे युनियन मार्केट उभे राहिले, ते पुढे खासगी विकासकाच्या हाती जाऊन २०१२ मध्ये चकचकीत खाद्यदालन म्हणून उघडले. तिथेही निरनिराळ्या देशांचे पदार्थ मिळतात. पण घरी न्यायचा इंजेरा, पाच पौंड बर्बेरे आणि दुपारी तीनचे जेवण यांची सांगड घालणाऱ्या दुकानाचा हिशोब तिथल्या गाळ्यात बसणे अवघड आहे. अशा दालनांना ‘मार्केट’ म्हणणे मला थोडे धाडसाचे वाटते.

यावर मुंबईच्या वाचकाच्या मनात पहिली शंका येईल ती भाडेनियंत्रणाची, आणि ती रास्त आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० चे भाडे प्रमाण धरून गोठवले. परिणामी मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती जर्जर झाल्या, आणि पागडीच्या रूपाने काळ्या पैशाचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. दुकानांनाही तो कायदा लागू होता, म्हणून एकाच रस्त्यावर नाममात्र भाड्याचे जुने दुकान आणि बाजारभावाचे नवे दुकान अशी विचित्र शेजारे तयार झाली. अमेरिकेतही व्यापारी भाड्यावर नियंत्रणाचे प्रयोग झाले आहेत. न्यूयॉर्क राज्यात ते १९४५ पासून १९६३ पर्यंत होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने १९८२ मध्ये एल्मवुड या छोट्या व्यापारी भागापुरते ते लागू केले, तर १९८७ मध्ये राज्यानेच कायदा करून साऱ्या शहरांचा तो अधिकार काढून घेतला. सरसकट भाडे गोठवण्याची माझीही मागणी नाही. मुंबईत चूक झाली ती भाड्याचा आकडा गोठवण्याची. कराराची मुदत, नूतनीकरणाचा हक्क आणि पुनर्विकासानंतर परत येण्याची हमी या गोष्टी आकड्याहून वेगळ्या आहेत, आणि त्या दिल्याने कोणतीही इमारत कोसळत नाही.

इमारतीचे जतन केले की बाजार वाचतो, हा दुसरा गैरसमज. लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या छताखालच्या बाजारगल्ल्या पाडून तिथे बहुमजली घरे बांधण्याचा बेत होता, तेव्हा स्थानिकांनी लढा दिला आणि २०१० मध्ये त्यांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. विशेष म्हणजे हा दर्जा केवळ स्थापत्यासाठी नव्हता. आफ्रो-कॅरिबियन स्थलांतरितांच्या जीवनातले त्या बाजाराचे स्थान त्यात मान्य केले होते. लढा यशस्वी झाला, पण संरक्षण मिळाले ते भिंतींना आणि छताला. गाळ्यात कोणी बसावे आणि काय भाडे द्यावे, यावर वारसायादीचा अंमल चालत नाही. त्याच बाजारात २००८ मध्ये सुरू झालेल्या एका पिझ्झाच्या दुकानाची पुढे देशभर साखळी झाली, आणि याम, केळी, खारवलेले मासे विकणाऱ्यांच्या शेजारी रात्रीच्या जेवणाचे व्यवसाय पसरत गेले. नवे येऊच नये असे कोणी म्हणणार नाही, तरी समाजजीवनाचे मूल्य ओळखून दिलेला दर्जा त्या समाजाला टिकवू शकत नसेल, तर त्या दर्जात महत्त्वाचे काहीतरी राहून गेले आहे.

जे राहून गेले ते सिएटलला साधले. पाइक प्लेस मार्केट पाडण्याचा बेत १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी जनमताने हाणून पाडला, आणि दोन वर्षांनी बाजार चालवण्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण स्थापन झाले. बहुतेक इमारती या प्राधिकरणाच्या मालकीच्या आहेत, गाळे तेच भाड्याने देते, आणि कोणत्या गाळ्यात कोणता धंदा चालेल याचे नियम एक नियुक्त आयोग ठरवतो. साखळी दुकानांना दार बंद आहे. स्टारबक्स हा प्रसिद्ध अपवाद, कारण तो तिथलाच. दुकानात मालकाने स्वतः उभे राहावे, ही अपेक्षा नियमातच आहे. कमी उत्पन्नाच्या वृद्धांची घरे आणि दवाखानाही याच आवारात आहेत. पाइक प्लेसवर पर्यटकांची इतकी झुंबड असते की भाजी घ्यायला आलेल्या सिएटलकराला वाट काढणे मुश्किल व्हावे, हे खरे आहे, आणि म्हणून मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. पण मासे विकणारा छोटा व्यापारी शहराच्या सर्वांत महागड्या जमिनीवर पन्नास वर्षांनंतरही उभा आहे, याचे श्रेय मालकी आणि करार सार्वजनिक हातात ठेवण्याला जाते.

प्रत्येक उपनगराला पाइक प्लेस विकत घेता येणार नाही. तिथे सॅन फ्रान्सिस्कोचा २०१५ चा मार्ग उपयोगी आहे. मतदारांनी मंजूर केलेल्या त्या योजनेत तीस वर्षे टिकलेल्या व्यवसायांची नोंद होते, आणि अशा व्यवसायाला किमान दहा वर्षांचा करार देणाऱ्या मालकाला शहर अनुदान देते. पैसा मालकालाच जातो म्हणून काहींना तो खटकतो. मला त्यात व्यवहारी शहाणपण दिसते, कारण दुकानदाराच्या हाती दिलेले अनुदान पुढच्या नूतनीकरणात भाड्याच्या रूपाने मालकाकडेच जाणार असते, मात्र बदल्यात मुदतीची हमी मिळत नाही. तीस वर्षांची अट मात्र स्थलांतरितांच्या बाजारांसाठी निरुपयोगी आहे. एकदा एटीन्थ स्ट्रीटवरून आणि एकदा नाइन्थ स्ट्रीटवरून हुसकावले गेलेले दुकान सलग तीस वर्षे कशी मोजणार? इथे दहा वर्षे पुरेशी मानावीत, आणि ती पत्त्याला न चिकटवता व्यवसायाला लावावीत.

राहिला प्रश्न त्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. ज्या वस्तीला बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या कर्ज नाकारले, तिथे बाहेरून आलेल्यांना सवलतीचे करार का मिळावेत, असे कोणी विचारले तर त्याला संकुचित म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. म्हणूनच संरक्षण वंशाच्या किंवा देशाच्या नावाने देऊ नये, धंद्याच्या प्रकाराला द्यावे. किराणा आणि खाणावळ एकत्र चालवणारे, स्वतः गल्ल्यावर बसणारे, रोजच्या गरजेचे सामान विकणारे लहान दुकान ही कसोटी लावली, तर नाइन्थ स्ट्रीटचे इथिओपियन मार्केट तिच्यात बसेल, त्याच्या पुढच्या चौकातला कृष्णवर्णीय कुटुंबाचा तळलेल्या माशांचा गाळाही बसेल, आणि एल साल्वादोरच्या माणसाचे पुपुसांचे, म्हणजे सारण भरलेल्या भाकऱ्यांचे, दुकानही. ‘लिटल इथिओपिया’ या पाटीने जे शेजारी एकमेकांविरुद्ध उभे राहिले, ते भाड्याच्या कलमावर एका बाजूला येऊ शकले असते.

ही चर्चा निव्वळ इतिहासाची असती तर मी इतकी लांबवली नसती. मेरिलँडमध्ये बेथेस्डा ते न्यू कॅरोलटन अशी सुमारे २६ किलोमीटरची पर्पल लाइन ही नवी रेल्वे मार्गिका बांधली जात आहे. काम २०१७ मध्ये सुरू झाले, मधेच मुख्य कंत्राटदार निघून गेल्याने रखडले, आणि त्या काळात खणलेल्या रस्त्यांमुळे लहान दुकानदारांचे गिऱ्हाईक तुटले. ही मार्गिका सिल्व्हर स्प्रिंग आणि लाँग ब्रँचमधून जाते, म्हणजे नाइन्थ स्ट्रीटवरून सरकलेले इथिओपियन व्यवसाय ज्या भागांत स्थिरावले, नेमक्या तिथूनच. यू स्ट्रीटवर जे घडले त्याचा सारा क्रम इथे पुन्हा मांडला जात आहे: आधी स्वस्त गाळे, मग खोदकामातले नुकसान, मग स्थानक, मग भाडे. हे भाग ज्या जिल्ह्यात येतात त्या माँटगोमेरी काउंटीला या वेळी तो क्रम तोडण्याची संधी आहे, कारण स्थानकांभोवतीच्या पुनर्विकासाच्या परवानग्या तीच देणार आहे.

त्या परवानग्यांत चार अटी घालता येतील. तळमजल्यावरच्या गाळ्यांपैकी काही लहान मापाचे असावेत आणि त्यांत किराणा व खाणावळ एकत्र चालवण्यास आधीच मुभा असावी, म्हणजे दोन वेगळ्या परवान्यांसाठी दोन वेळा वकील करावा लागणार नाही. अशा गाळ्यांना धूर बाहेर नेणारी चिमणी विकासकाने बांधून द्यावी. नव्या इमारतीत हे काम भाडेकरूच्या माथी आले तर त्याची सगळी बचत त्यातच जाते, आणि मितादवर रोज इंजेरा भाजणाऱ्या दुकानाला चिमणीशिवाय चालत नाही. जुन्या इमारतीतून उठवलेल्या दुकानाला नव्या इमारतीत पहिला हक्क असावा, आणि मधल्या काळात त्याच परिसरात तात्पुरती जागा मिळावी, कारण दोन वर्षे बंद राहिलेला किराणा पुन्हा उघडत नाही. शेवटची अट मालमत्ता कराची: स्थानकामुळे वाढलेला कर अशा गाळ्यांच्या भाडेकरूवर ढकलण्यास दहा वर्षे मनाई असावी. यांपैकी कोणत्याही अटीला नवा कर लागत नाही. परवानगीवर सही होण्याआधी त्या कागदावर उतरवाव्या लागतात इतकेच, कारण सही झाल्यावर विकासकाशी बोलायला काउंटीकडे काही उरत नाही, आणि दुकानदाराकडे तर आधीपासूनच नसते.